डावीकडे ओढणारी गाडी

रविवारी सकाळी आमच्या घरात सगळ्यात आधी आवाज यायचा तो गाडीचं बॉनेट उघडल्याचा. मग आईच्या पोळपाट-लाटण्याचा, मग शेजारच्यांच्या रेडिओचा, आणि सगळ्यांच्या शेवटी माझा, तोसुद्धा "पाच मिनिटं" एवढाच. गंगापूर रोडवरून आत दोन गल्ल्या सोडल्या की आमचं रो-हाउस. पुढच्या फरशीवर गाडी लावली की माणसांना अंग चोरून घरात शिरावं लागे, आणि आई आल्या-गेल्याला "जरा आडवे होऊन या हं" असं इतक्या सहज सांगायची की पाहुण्यांना वाटावं, ही यांच्याकडची पद्धतच असेल. गाडी जुनी घेतलेली, मळकट पांढरी, मागची एक काच हाताने ढकलून वर न्यावी लागणारी. पण नाशिकातल्या सगळ्या भावकीत तेव्हा तेवढी एकच मोटार होती, आणि ती चालवणारे अण्णा, म्हणजे माझे वडील, एकटेच. कुणाला दवाखान्यात न्यायचंय, कुणाला मुलगी बघायला जायचंय, कुणाला पहाटेची रेल्वे धरायला मनमाडला पोचायचंय, की फोन आमच्याकडे. "अण्णा, गाडी काढा." अण्णा एका कचेरीत हेडक्लार्क होते. सहा दिवस फायलींखाली वाकायचे आणि सातव्या दिवशी नातेवाइकांखाली. दर वेळी म्हणायचे, "मी काय टॅक्सीवाला आहे का?" आणि म्हणता म्हणता पायात चपला सरकवलेल्या असायच्या.

विसाव्या वर्षी मला लायसन्स मिळालं आणि मी घरातली दुसरी ड्रायव्हर झाले. हे पद मी फार मनावर घेतलं होतं. एका दुपारी मैत्रिणीच्या वह्या परत करायचं निमित्त काढून मी एकटीच कॉलेज रोडला गाडी घेऊन गेले. परत येताना कपड्यांच्या एका नव्या दुकानाची ही एवढी मोठी काच लागली, आणि गाडी चालवताना आपण कशा दिसतो ते मी त्या काचेत बघत राहिले. बऱ्या दिसत होते, एवढं आठवतंय. पुढच्या क्षणी डावं चाक फुटपाथच्या दगडावर चढलं आणि दाणकन खाली आलं. चाकावरची टोपी निघून घरंगळत रसवंतीच्या बाकाखाली गेली. रसवाल्यानेच ती काढून दिली. म्हणाला, "काय नाय झालं ताई, जाऊ द्या. रस पिऊन घ्या, घाबरल्या तुम्ही." मी रस प्यायले, टोपी चपलेने ठोकून बसवली, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. पत्रा चेपला नव्हता, ओरखडासुद्धा नव्हता. मनातल्या मनात गणपतीला हात जोडले आणि घरी येऊन अवाक्षर काढलं नाही.

गाडीतलं मला काही कळत नव्हतं, त्यामुळे त्या दगडाचा आणि पुढच्या सगळ्याचा संबंध माझ्या लक्षात आला नाही, असं मी कितीतरी वर्षं सांगत आले. आता पन्नाशी उलटली, गुडघे बोलायला लागले, खोटं बोलायचासुद्धा कंटाळा येतो. लक्षात आलं होतं. त्याच संध्याकाळी, घरी पोचायच्या आत. स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे जात होती, आणि गाडी सरळ न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे थोडं मुरडून धरावं लागत होतं. पण घरातलं काहीही बिघडलं, पंखा, नळ, इस्त्री, तर अण्णा ते गुपचूप नीट करून टाकतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव होता. हेही करतील, असं मी धरून चालले.

अण्णांना पहिल्याच रविवारी जाणवलं. पण ते गॅरेजकडे वळले नाहीत. आधी त्यांनी दोष रस्त्याला दिला. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. त्या उतारावर गाडी डावीकडे ओढणारच, असं त्यांनी आम्हाला जेवताना ताट तिरकं करून आमटीने दाखवलं. मग हवा. पंपावर जाऊन चारही चाकांत सारखी हवा भरून आणली, तरी ओढ तशीच. मग वजनाचा शोध लागला. आई अंगाने भरभक्कम आणि आजवर पुढे डाव्या बाजूला बसायची. अण्णांनी तिला मागे, स्वतःच्या पाठीशी, उजव्या खिडकीला बसवलं. मी किडमिडीत, म्हणून डावीकडे. तेवढ्याने भागेना तेव्हा कांद्याची अर्धी गोणी डिकीत उजव्या अंगाला ठेवली आणि ती सरकू नये म्हणून मागे वीट लावली. पाहुणे गाडीत बसायला आले की अण्णा आधी त्यांच्याकडे खालून वर बघत आणि मग जागा सांगत. जाडजूड मंडळी उजवीकडे, काटकुळी डावीकडे. आईला यात अपमान वाटायचं कारण नव्हतं. उलट, "माझ्यामुळे आमची गाडी सरळ चालते," असं ती भिशीच्या बायकांना सांगून आली. मी डाव्या खिडकीतून बाहेर बघत गप्प बसायचे. आपल्या मूर्खपणावर आख्खं कुटुंब वजनं मांडत बसलंय, हे बघणं फार थकवणारं असतं. पण जितके दिवस जातात तितकं सांगणं अवघड होत जातं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ओरडा बसला असता. महिन्याने सांगायचं तर दगडाबरोबर महिन्याचाही हिशेब द्यावा लागणार होता.

एक गोष्ट मला तेव्हा पुरती ठाऊक नव्हती. माझ्या आजोबांचा, म्हणजे आबांचा, डावा हात लुळा पडला होता, अण्णा तेव्हा होते त्याच वयात. सुरुवात अगदी साधी झाली म्हणे. ताटातला घास डावीकडे सांडायला लागला, चालताना डावा खांदा दाराला घासायला लागला, आणि सगळे म्हणत राहिले की लक्ष नाही म्हाताऱ्याचं. अण्णांनी हे जवळून बघितलेलं. आता मला वाटतं, ते गॅरेजमध्ये जात नव्हते ते याच भीतीने. मिस्त्रीने गाडी तपासून "गाडीत काही दोष नाही" असं सांगितलं असतं, तर दोष कुठे शोधायचा, हा प्रश्न उरला असता.

मग सिन्नरला बारसं निघालं, वसंतकाकांच्या नातवाचं. वसंतकाका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. शेतीही होती आणि सिन्नर-नाशिक प्रवासी वाहणारी वडाप जीपही चालवायचे. बोलणं मोठं, मन त्याहून मोठं, आणि सल्ला कुणी मागायच्या आधी हजर. बारसं आटोपून दुपारी आम्ही निघालो तेव्हा काकांनाही नाशिकला काम होतं, ते पुढे डावीकडे बसले. वजनाचं गणित तिथेच बिघडलं, कारण काका म्हणजे दीड गोणी. मोहदरीचा घाट उतरताना आईने मागून विचारलं, "घुगऱ्यांचा डबा घेतला का हो?" अण्णांनी उत्तर द्यायला मान किंचित वळवली, हात क्षणभर सैल पडला, आणि गाडी डावीकडे निघाली ती डांबर सोडून खडीवरच. चाकाखालून दगड उडाले, आई माझ्या अंगावर कोसळली, काकांनी डॅशबोर्डला दोन्ही हात लावले. अण्णांनी ब्रेक दाबून गाडी थांबवली तेव्हा दरीकडचा बुटका कठडा काकांच्या दारापासून हातभर लांब होता.

काकांनी खिडकीतून वाकून कठड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "दादा, उतर. मी घेतो."

"रस्ता खराब आहे इथे," अण्णा म्हणाले.

"रस्ता लय चांगला हाय. रोज चार खेपा मारतो मी. तू उतर."

अण्णा उतरले. गाडीच्या पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आले तेव्हा एका हाताने बॉनेटला धरून चालत होते. काकांनी गाडी घरापर्यंत आणली. त्यांना ओढ जाणवली नाही का, असं कुणी विचारेल. त्यांची जीप इतकी खिळखिळी होती की गाडी म्हणजे दोन्ही हातांनी कुस्ती, अशीच त्यांची समजूत होती. "जरा जड हाय," एवढंच म्हणाले. घरी आल्यावर किल्ली आईच्या हातात दिली. "वहिनी, ही तुमच्याकडं ठेवा. आबांचं असंच सुरू झालं व्हतं. मी नाय म्हटलं तर मग कोण म्हणणार?"

आईने किल्ली देवघराच्या खणात ठेवली. अण्णांनी विरोध केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं. आईने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात वर करायला लावले, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं, रक्तदाब बघितला, सगळं ठीक म्हणाले, "पण वय आहे, जपा." आमच्या घरात त्यातलं 'ठीक' कुणी ऐकलं नाही, 'पण'पासून पुढचं मात्र सगळ्यांना पाठ झालं. अण्णा बसने कचेरीत जायला लागले. फोन यायचे, "अण्णा, गाडी काढा," आणि आई हळू आवाजात सांगायची, "सध्या त्यांना बरं नाहीये." अण्णा समोरच पेपर वाचत असायचे आणि पान उलटायचे नाहीत. रविवारी सकाळी बॉनेटचा आवाज यायचा थांबला. पुसली न गेल्यामुळे गाडीवर धूळ बसली आणि त्या धुळीत शेजारच्या मुलांनी फुली-गोळ्याचा डाव मांडला.

मी काय करत होते? मी त्यांना जास्त चहा करून देत होते. शरमेला वाचा फुटत नसेल तर ती अशी चहाच्या वाटेने जाते. अण्णा एकदा म्हणाले, "ॲसिडिटी व्हायला लागली गं तुझ्या मायेने."

पंधरा-वीस दिवसांनी वसंतकाका पुन्हा आले. गाडी उभी राहून सडेल, त्यापेक्षा मी सिन्नरला नेतो, तिकडे चालती तरी राहील, असं ठरवूनच. पुढचे टायर जुने झाले होते म्हणून द्वारका चौकाजवळच्या एका टायरवाल्याकडे आधी थांबायचं होतं. अण्णा म्हणाले, "मी येतो तिथपर्यंत." त्यांनी चांगला शर्ट घातला, जसा स्टेशनवर कुणाला सोडायला जाताना घालायचे. मीही मागे बसले. बसू नको, असं कुणी म्हटलं नाही.

टायरवाले म्हणजे शिंदे मिस्त्री, साठीचे, बुटके, कानावर खडूचा तुकडा. पोट सावरत खाली बसून त्यांनी डावं चाक काढलं, टायर आडवा केला आणि हात फिरवून थांबले. "अण्णा, इकडं या. बोट लावा हितं." टायरच्या बाहेरच्या कडेला नक्षी अजून शाबूत होती. आतल्या कडेला मात्र रबर इतकं घासलेलं की खालची तार दिसत होती. "आता उलटा हात फिरवा. करवतीवानी लागतं का? हा टायर झिजला नाय, हा फरफटलाय. चाक एकीकडं बघतंय आन् गाडी दुसरीकडं चाललीय. हिला अलाइनमेंट म्हणून राहिलेलीच नाय. डावीकडं वढत आसंल ना?"

 टायरवरचं बोट तसंच ठेवून अण्णा म्हणाले, "गाडी ओढते?"

"मंग कोण वढणार?" मिस्त्री म्हणाले. "स्टिअरिंग सरळ धरलं तर सरळ जाईल व्हय ही? हातानं वाकडं धरून चालवत आसणार तुम्ही. खांदं भरून येत न्हवते का?"

मिस्त्री गाडीखाली शिरले आणि तिथूनच बोलले, "स्टिअरिंगचा रॉड वाकलाय. असा आपोआप वाकत नाय. दगडावर नायतर फुटपाथवर आपटलीय कुठं तरी. जोरात. कुणी आपटली?"

 गाडी चालवणारी माणसं घरात दोनच. काका अण्णांकडे बघत होते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, फक्त एकदा, आणि मान वळवली.

"माझ्याच हातून लागली असेल," ते म्हणाले. "लक्षात नाही."

काका उसासा टाकून म्हणाले, "दादा, मी तेच म्हणतोय. आपटलेलीसुद्धा तुला आठवत नाय. आता राग नको धरू. टायर टाकून मी घेऊन जातो गाडी."

"हं," अण्णा म्हणाले.

इथे मी ताबडतोब बोलले, असं लिहायला फार आवडलं असतं. मी बोलले नाही. मिस्त्रींनी रॉड काढला, तो आमच्यासमोर फरशीवर ठेवला, आणि मी त्या वाकाकडे बघत उभी राहिले. काकांनी खिशातून गाडी आपल्याकडे दिल्याची लिहून आणलेली चिठ्ठी काढून अण्णांपुढे धरली, "सही करून ठेव, पोलिसानं अडवलं तर," आणि अण्णांनी पेनाचं टोपण उघडलं. तेव्हा कुठे माझ्या तोंडून बाहेर पडलं, "मी आपटली. कॉलेज रोडला. दोन महिने झाले."

"काय?" काका म्हणाले.

"फुटपाथवर चढवली. अण्णांनी नाही. अण्णांनी काहीच केलं नाही. त्या दिवसापासून ती ओढतेय आणि मला माहीत होतं."

"आन् घाटात?" काकांचा आवाज चढला. "घाटात आपण चौघं जात व्हतो दरीत, तवा तुझं तोंड कुठं गेलं व्हतं? बाप हितं बसनं हिंडतोय आन् तू—"

"वसंता," अण्णा म्हणाले. "बस." पेनाचं टोपण लावून त्यांनी ते खिशाला अडकवलं.  मिस्त्रींना म्हणाले, "दुरुस्त होईल ना?"

"तासाभरात. त्यात काय एवढं?"

आता असली कामं यंत्रावर होतात. चाकांना आरसे लावतात, पडद्यावर हिरवे-लाल आकडे येतात. माझ्या मुलीची गाडी तर रेघ सोडली की स्वतःच कुरकुरते. मी चालवायला बसले की सगळी वाट ती कुरकुरतच असते. शिंदे मिस्त्रींकडे दोरी होती. त्यांनी नवीन रॉड बसवला, पुढे दोन नवे टायर चढवले, चारही चाकांत हवा सारखी केली, स्टिअरिंग बरोबर मधे आणून सीटला सुतळीने बांधून टाकलं, आणि मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून एक डोळा मिटून बघायला लागले. कुठे दोरी टायरला टेकते, कुठे फट राहते, ते खडूने टिपायचं, रॉडचा नट पाव फेरा फिरवायचा, गाडी दोन हात पुढे-मागे ढकलायची, पुन्हा दोरी. असं सात-आठ वेळा झालं. ढकलायला मी होते. कुणी सांगितलं नव्हतं, पण मीच होते.

"चला, बघू," मिस्त्री म्हणाले आणि किल्ली अण्णांपुढे धरली. काकांनी हात पुढे केला होता, तो त्यांनी मिशीवर नेला.

अण्णा बसले. शेजारी मिस्त्री, मागे मी आणि काका. मोकळा रस्ता लागताच गाडी उजवीकडे सरकायला लागली. अण्णांचा चेहरा आरशात पांढराफटक दिसला. मिस्त्री हसले. "गाडी नाय, तुमी वढताय अण्णा. दोन महिन्याची खोड लागलीय हाताला. सोडा. सोडा म्हणतो ना, मी हाय." अण्णांनी आधी बोटं सैल केली, मग दोन्ही हात स्टिअरिंगपासून तसूभर वर उचलले. गाडी सरळ गेली. रस्त्याकडे मिस्त्रींचं लक्ष होतं. अण्णा स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होते.

काका द्वारकेलाच उतरून सिन्नरच्या जीपमध्ये बसले. जाताना अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चुकलो दादा," आणि मला म्हणाले, "तुझ्याशी मी आठ दिवस बोलणार नाय." ते सहा दिवस बोलले नाहीत.

 गल्लीत वळताना अण्णा एवढंच म्हणाले, "आईला तू सांग. मला आता रागवायचंसुद्धा त्राण नाही."

आई भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं, काचेत बघण्यापासून. ती मेथीच्या काड्या बाजूला करत राहिली. तिने मला मारलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "तुला माहितीये, तो माणूस रोज सकाळी काय करतो? तू तर आठाशिवाय उठत नाहीस. बादली भरतो, काठोकाठ, आणि डाव्या हाताने गच्चीवर नेतो. दोन जिने. थेंब सांडतोय का ते बघत बघत. मला म्हणतो, कुंड्यांना पाणी घालतोय. पार मोगरा कुजला पाण्याने, तरी मी बोलले नाही." मग तिने मेथीची ताटली माझ्याकडे सरकवली. "निवड."

दुसऱ्या दिवशी मी साडेपाचला उठून बसले. न्हाणीघरात नळ सुरू झाला, बंद झाला. मला वाटलं होतं, आता नाही नेणार. गाडी सरळ झाली होती, डॉक्टर ठीक म्हणाले होते, मी कबुली दिली होती. आता काय राहिलं होतं? पण अण्णा बाहेर आले ते डाव्या हातात बादली घेऊनच, पाण्यावर नजर लावून, एकेक पायरी मोजत. मी जिन्यात आडवी गेले. "द्या इकडे अण्णा, मी घालते पाणी."

"राहू दे," ते म्हणाले. "हलवू नकोस, सांडेल."

मी भिंतीला चिकटून त्यांना वाट दिली. त्यानंतर गाडी पुष्कळ वर्षं आमच्याकडे होती आणि विकेपर्यंत सरळ चालली. बादली मात्र रोज वर जायची.